नुसता ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणू नका

उदगीर, लातूर आणि नांदेड भागातील स्त्रीरोगतज्ज्ञ व पॅथॉलॉजिस्ट यांस,



तुमच्यापैकी काहींना मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आहे. गुणसूत्रांचा धडा चालू असताना मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही आज एम.डी. आहेत, आणि मला त्याचं कौतुकच आहे. बारावीच्या तयारीच्या लातूर पॅटर्नच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ, पण या भागात आज तालुक्याच्या गावाला तज्ज्ञ डॉक्टर दिसतात, त्यात त्या पॅटर्नचा वाटा आहे. तेव्हा मुंबईत कुणा मंत्र्याला अर्ज करण्यापेक्षा आपल्याच माणसांना लिहावं म्हटलं.

तक्रार अशी आहे. आपल्याकडे एखाद्या बाईला कॅन्सर निघाला, की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं जातं, “पिशवीचा कॅन्सर आहे, पुढं न्या.” गर्भाशयाचं तोंड असो, आतलं अस्तर असो, अंडाशय असो की बाहेरचा नाजूक भाग असो, सगळं पिशवीत जमा. ओपीडीत गर्दी असते, नातेवाईक रडत असतात, मागचा पेशंट दार ढकलत असतो, हे मी पाहिलं आहे. घाईत तेवढंच सांगणं सोपं पडतं. पण घरी गेल्यावर त्या बाईच्या मुली, बहिणी, भाच्या एकच प्रश्न विचारतात: “आम्हाला पण होईल का?” त्याचं उत्तर ‘पिशवीचा कॅन्सर’ एवढ्यावरून देता येत नाही. एका आजारात उत्तर ‘वारशाने नाही’ असं आहे, दुसऱ्यात ‘तपासून बघावं लागेल’ असं. दोन्हीकडे करायच्या गोष्टी अगदी निराळ्या.

तुम्हाला शिकवण्याचा आव आणत नाही. पण खुलं पत्र आहे, तुमच्या पेशंटही वाचतील, म्हणून थोडं मांडते.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये त्याचा १६ क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार या गाठींत दाखवला. २००८ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू काय करतो ते पाहण्यासारखं आहे. आपल्या पेशीत पी-५३ आणि आरबी नावाची दोन प्रथिनं विभाजनावर पहारा ठेवतात. विषाणूचं ई-६ हे प्रथिन पी-५३ला धरून पेशीकडूनच त्याची विल्हेवाट लावून घेतं. ई-७ हे आरबीला जखडतं. म्हणजे पी-५३चं जनुक बहुतेक वेळा धडधाकट असतं, त्याची एकही अक्षरजोडी बदललेली नसते. त्यातून तयार झालेलं प्रथिन तेवढं टिकू दिलं जात नाही. पुढे कधीतरी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो, त्याला आवर घालणारा ई-२ हा भाग त्या तुटण्यात बहुधा निकामी होतो, आणि ई-६, ई-७ मोकाट सुटतात. विषाणूंशी लढण्यासाठी पेशीकडे एपोबेक नावाची वितंचकं आहेत. तीच या लढाईत स्वतःच्या डीएनएवर ओरखडे काढतात, आणि पीआयके-३-सीए या जनुकातले ठरावीक जागचे बदल बऱ्याचदा त्याच खुणेचे असतात. हे सगळं त्या एका बाईच्या, त्या एका जागच्या पेशींत घडतं. तिच्या मुलीच्या रक्तात यातलं काही उतरत नाही.

आता अंडाशयाकडे या. तिथल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आणि जहाल प्रकारात, हाय-ग्रेड सीरसमध्ये, विषाणूचा संबंध नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने २०११ मध्ये या गाठींचा डीएनए वाचला, तेव्हा सुमारे ९६ टक्के गाठींत पी-५३चं जनुकच बिघडलेलं निघालं. पहारेकरी तोच, पण इथे त्याचा साचाच मोडलेला. शिवाय अशा सहा-सात बायकांमागे साधारण एकीच्या बाबतीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकातला दोष जन्मापासून, आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. तो तिच्या प्रत्येक लेकराकडे जाण्याची शक्यता निम्मी.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणखी वेगळा. २०१३ मध्ये त्याच प्रकल्पाने त्याचे जनुकीय बदलांवरून चार गट पाडले. एका गटात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. ती कधी वयामुळे गाठीपुरती बंद पडते, तर कधी लिंच सिंड्रोम नावाच्या वारशामुळे. लिंच असेल तर त्या घरातल्या पुरुषांनाही आतड्याच्या कॅन्सरची धास्ती असते. म्हणजे ‘बायकांचा आजार’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाठ फिरवतो, तो त्या बाईच्या भावाला वेळेवर सावध करू शकतो.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मग पेशंटला का सांगत नाही?

आमच्या नात्यातली एक बाई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. मुलगी तिशीतली, दोन लेकरांची आई. घाबरून विचारायला गेली, तर उत्तर मिळालं: “लस घे, पॅप करून घे, निर्धास्त राहा.” एचपीव्हीची लस चांगलीच आहे, पॅपची तपासणीही चांगली. पण दोन्ही गर्भाशयमुखासाठी आहेत. अंडाशयाच्या गाठीवर नजर ठेवायला पॅप उपयोगाची नाही, आणि आईकडून आलेल्या जनुकावर कुठली लस चालत नाही. तिच्या आईची बीआरसीए तपासणी झाली पाहिजे होती. तो विषयच निघाला नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असं उत्तर कुठेही मिळू शकतं. घरात दुसऱ्या कुणाला कॅन्सर असो वा नसो, अंडाशयाच्या एपिथेलियल कॅन्सरच्या प्रत्येक बाईला ही तपासणी सुचवावी, असं आता जगभरच्या तज्ज्ञ संघटना सांगतात. त्यात त्या बाईचाही फायदा आहे: बीआरसीएचा दोष असलेल्या गाठींवर ओलापॅरिबसारखी औषधं चांगली लागू पडतात.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त छळतं. आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेलेली असते आणि सोयरीक जुळवायला आलेली माणसं हळूच विचारतात, “आईला काय झालं होतं?” पिशवीचा कॅन्सर म्हटलं की स्थळ परत जातं. डिस्चार्ज कार्डावर तुम्ही मराठीत एक ओळ लिहिली असती, की हा आजार विषाणूमुळे झाला आहे, मुलींना वारशाने जात नाही, तर ते कार्ड त्या पोरीच्या कामी आलं असतं.

तुम्ही ती ओळ का लिहीत नाही, याचा अंदाज मला आहे. विषाणू म्हटलं की तो आला कुठून, हा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर बाईच्या चारित्र्यावर जाऊन आदळतं. म्हणून तुम्ही दयेपोटी गप्प बसता. पण अर्धं सांगून ठेवलेलं लोक आपल्या मनाने पूर्ण करतात. पूर्ण सांगा: लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतो, बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो, राहिला तर कॅन्सर व्हायला १०, १५, २० वर्षं लागतात, आणि एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. हे नवऱ्यासमोर सांगा. सासूसमोर सांगितलंत तर आणखी बरं.

दुसरी मागणी फुकटची आहे. घराण्याची चौकशी करा. आपण देवणीच्या मुलखात राहतो. देवणी वळू विकत घ्यायला गेलेला शेतकरी त्याची आई किती दूध देत होती, बाप कुणाच्या गोठ्यातला, हे विचारल्याशिवाय दावं हातात घेत नाही. आणि पोटात पाणी भरलेली बाई तुमच्यासमोर येते, तेव्हा केसपेपरवर बीपी, शुगर आणि मुलं किती एवढंच उतरतं. तिची आई कशाने गेली? मावशी? स्तनाची गाठ घरात कुणाला होती का? आणि आत्या? आत्याला तर कुणीच विचारत नाही, कारण असले आजार आईकडूनच येतात असा समज घट्ट बसला आहे, आणि शिकलेल्या माणसांतही आहे. बीआरसीए बापाकडूनही तितक्याच सहज येतो. बापाला काही झालेलं नसतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, इतकंच.

आपल्या भागात ही चौकशी आणखी जपून करावी लागते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, कुठे सख्खा मामाच; घरातल्या घरात दिलेल्या मुली गावोगाव आहेत. त्यांच्यात माहेर-सासर एकच घराणं. नवरा-बायको दोघांकडे एकच दोष असेल, तर लेकराला तो दुहेरी मिळू शकतो. बीआरसीए-२ असा दोन्हीकडून आला तर फॅन्कोनी ॲनिमियासारखा लहानपणचा गंभीर आजार होतो. असं क्वचित घडतं, पण तुम्ही कागदावर वंशावळ काढल्याशिवाय ते दिसायचं कसं?

पॅथॉलॉजिस्ट मंडळींशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे. तुम्ही पेशंटला दिसत नाही, म्हणून शिव्याही खात नाही आणि आभारही तुम्हाला मिळत नाहीत. पण सगळा निवाडा तुमच्या कागदावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणाने गर्भाशयमुख, योनीमार्ग आणि योनीद्वार या तिन्ही ठिकाणच्या मुख्य कॅन्सरांचे एचपीव्हीमुळे झालेले आणि एचपीव्हीशिवाय झालेले असे दोन भाग केले. हे नुसतं कागदावरचं वर्गीकरण नाही. योनीद्वाराचा कॅन्सर घ्या. विषाणूचा असेल तर बाई बहुधा वयाने लहान असते आणि किरणोपचारांना गाठ बरी दाद देते. दुसरा प्रकार म्हाताऱ्या बायकांत, वर्षानुवर्षं पांढरे चट्टे पडून खाज सुटत असलेल्या कातडीवर उठतो. त्यात पी-५३चं जनुक बिघडलेलं असतं आणि गाठ परत येण्याची भीती जास्त. (त्या खाजेसाठी म्हाताऱ्यांनी किती मलमं चोळलेली असतात, आणि लाजेपायी एकदाही कुणाला दाखवलेलं नसतं.) हा फरक बऱ्याच अंशी पी-१६ आणि पी-५३च्या रंजन-तपासणीवर (स्टेनिंग) कळतो. पूर्ण जनुकवाचन उदगीरला करा असं मी म्हणत नाही. अस्तराच्या कॅन्सरमध्ये दुरुस्ती-प्रथिनांच्या चार रंजन-तपासण्या केल्या, तर लिंचचा संशय घ्यायचा की नाही ते समजतं. इथे सोय नसेल तर रिपोर्टाखाली लिहा, ‘या तपासण्या पुढे करून घ्याव्यात’. आणि मेणातला ठोकळा जपून ठेवा, मागायला आलेल्या मुलीला हुसकावून लावू नका. तो ठोकळा तिच्या आईचा आहे. आई गेल्यानंतर तोच एक पुरावा उरतो.

गर्भाशयमुखाच्या बाबतीतही विषाणू गृहीत धरू नका. कॅन्सर जीनोम ॲटलासने २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठी वाचल्या, तेव्हा शंभरात पाचेक गाठींत विषाणू नव्हता, आणि त्यांतल्या बऱ्याच गाठी जनुकांवरून अस्तराच्या कॅन्सरच्या जवळच्या निघाल्या. एचपीव्ही तपासणी नकारार्थी आली म्हणून अंगावरून जाणाऱ्या बाईला परत पाठवू नये, ते यासाठी.

आता जे लिहिते ते तुमच्यातल्या काहींना झोंबेल. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली होती. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, हे सगळं त्यामागे होतं. पण पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून गेलेल्या कितीतरी बायकांनी सांगितलं, की “काढली नाही तर कॅन्सर होईल” असं डॉक्टर म्हणाले. उदगीर-देवणी-जळकोटच्या तांड्यांवरूनही टोळ्या जातात, तेव्हा बीडकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. पांढरं जाण्यावरून कॅन्सर ठरत नाही, तपासणीवरून ठरतो. तपासणी न करता ज्या बाईला कॅन्सरची भीती घातली, तिचा डॉक्टरवरचा विश्वास आणि तिची कमाई दोन्ही त्या टेबलावर गेले. अशा ऑपरेशनात पिशवीचं तोंड ठेवून वरचा भाग काढला असेल, तर विषाणूच्या कॅन्सरची जागा तशीच राहते. अंडाशय आणि नळ्या ठेवल्या असतील, तर दुसऱ्या कॅन्सरची जागाही तशीच.

आणि गंमत बघा. जिच्या अंगात खरोखर बीआरसीए-१चा दोष आहे, तिला मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४० वयाच्या दरम्यान, अंडाशय आणि नळ्या काढून टाकण्याचा सल्ला शास्त्र देतं. तो या भागात किती जणींना मिळाला असेल? जिची काढायला हवीत तिला कुणी विचारत नाही, आणि जिची ठेवायला हवी तिची उचल फिटायच्या आत पिशवी जाते.

तपासणीची गोष्ट निघाली म्हणून सांगते, ती इथली आहे. उदगीर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास केला. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी पाहिलं, तर एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या होत्या, आणि तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. बाकीच्या दोन गटांत मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. २००९ मध्ये हे अमेरिकेतल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीकाही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जगाने मात्र या आकड्यांवरून बरंच घेतलं. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीच्या तपासणीलाच पहिली पसंती देते.

आणि आपण? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. ज्या गावांनी जगाला उत्तर दिलं, त्यांच्या शेजारच्या तालुक्यात बाईने स्वतःहून ही तपासणी मागितली तर तिच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं जातं. हे सरकारचं काम आहे हे मान्य. पण तुमच्याकडे रोज तिशीच्या पुढच्या बायका येतात. कुणी सुनेच्या बाळंतपणाला आलेली, कुणी पाळी अनियमित म्हणून. त्यातल्या प्रत्येकीला दोन वाक्यं सांगायला शासन निर्णय लागत नाही. तपासून घ्यायला लाजणाऱ्या बाईला स्वतःच नमुना घेता येतो, हेही सांगा. तोही चालतो. लस पुण्यात तयार होते, २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना शाळेत ती मिळावी म्हणून पालकसभेत येऊन तुमच्यापैकी एकाने पंधरा मिनिटं बोलावं. माझ्या जुन्या शाळेपासून सुरुवात करा, मुख्याध्यापकांशी मी बोलते.

राहिला पैशाचा प्रश्न. बीआरसीएची तपासणी हातावर पोट असलेल्या घराला परवडणारी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो होतात. मुलीला वाचवू शकणारी आईची ही तपासणी त्यात स्पष्टपणे बसवून घ्या. ही मागणी माझ्यासारख्या निवृत्त बाईने केली तर फायलीला लागेल. तुमच्या संघटनेच्या लेटरहेडवर, लातूर आणि नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांच्या सह्यांनिशी गेली, तर निदान कुणीतरी वाचेल. सोबत एक गोष्ट जोडा: जनुकीय सल्ला देणारं माणूस आठवड्यातून एक दिवस लातूरला बसू द्या. रिपोर्ट हातात देऊन ‘तुमच्यात दोष आहे’ एवढंच सांगणारी प्रयोगशाळा नको. घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगायचं, लहान बहिणीच्या लग्नाआधी सांगायचं की नंतर, हे ज्याच्याशी बोलता येईल असं माणूस हवं. पेशंट त्यासाठी हैदराबादला जातात. सगळ्यांना ते जमत नाही.

तुमच्या संघटनेच्या बैठका होतात, औषध कंपन्यांची भाषणं आणि जेवणं होतात, हे मला माहीत आहे. पुढच्या एखाद्या बैठकीत हा विषय घ्या: डिस्चार्ज कार्डावर मराठीतल्या तीन ओळी. कॅन्सर नेमका कुठला, विषाणूचा की नाही, आणि घरातल्या कुणी काय तपासून घ्यायचं. मसुदा तुम्ही करा, मराठी मी तपासून देईन. बोलावलंत तर येईनही. मागच्या बाकावर बसेन, पण डुलक्या घेणार नाही आणि प्रश्न मात्र विचारीन.

कळावे,

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
उदगीर, जि. लातूर